फळ्याची डावी बाजू

मिस्त्री इंग्रजीच्या वर्गाला का जातो, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "मोटारींची पत्रकं इंग्रजीत असतात ना, वाचता यावीत म्हणून." ते अगदीच खोटं नव्हतं. पण तीस वर्षं पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देणाऱ्या माणसाचं पत्रकावाचून काही अडलेलं नव्हतं. अडायचं ते संध्याकाळी. दुकानाचं शटर खाली ओढलं की दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. वर्गात निदान 'गुड इव्हिनिंग' म्हणायला मिळायचं, आणि समोरून सातजण ते परत म्हणायचे.

त्या दिवशी बाईंनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम, आणि दोन्ही जोडायला 'बिकॉज'. "आता खेळ," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाने आपल्या घरचा एक खराखुरा परिणाम लिहायचा. कारणं बाकीच्यांनी शोधायची. शेवटी खऱ्या कारणावर ज्याचं त्याने खूण करायची."

टॅक्सीवाल्याने इंग्रजीत लिहिलं, माझी बायको रागावली आहे. बघता बघता डावी बाजू भरली. नर्सबाईंनी तर एकट्यांनीच चार कारणं सांगितली. "पुरे, पुरे," टॅक्सीवाला म्हणाला, "सगळीच खरी आहेत. खूण करता करता खडू संपेल."

मग मिस्त्रीची पाळी आली. 'मोटार जळाली' एवढंच लिहायचं त्याने बसल्या जागी ठरवलं होतं. पण खडू हातात आल्यावर भलतंच उतरलं: माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही.

"किती दिवस झाले?" नर्सबाई इंग्रजी विसरून म्हणाल्या.

"अकरा वर्षं."

मग सगळे कामाला लागले. कारण भावाचा फोन हरवला. कारण तो परदेशी गेला. कारण त्याला ऐकू येत नाही. "कारण तुम्ही त्याच्याशी इंग्रजीत बोलता," टॅक्सीवाला म्हणाला, आणि मिस्त्रीसकट सगळे हसले.

"करा खूण," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "यात नाही."

"मग तुम्हीच लिहा."

कारण सांगणं हा तर त्याचा धंदाच. मोटार उघडायची, वास घ्यायचा, तार बोटांनी चाचपायची आणि सांगायचं, पाणी शिरलं, बेअरिंग जाम झालं, भार जास्त झाला. त्यात तो सहसा चुकत नसे. शब्द जुळवत त्याने लिहिलं: कारण त्याने वार्निश ओलं असतानाच मोटार बसवली.

"म्हणजे हो काय?" बाईंनी विचारलं.

त्याने अडखळत सांगितलं. दुकान तेव्हा दोघा भावांचं होतं. धाकट्याने तारेवरचं वार्निश वाळायच्या आत मोटार बसवून दिली, ती चौथ्या दिवशी जळाली आणि गिऱ्हाईक भांडायला आलं. मिस्त्रीने मोटार उघडली आणि त्या गिऱ्हाइकासमोर सांगितलं, चूक याची आहे, याचं कामात लक्षच नसतं. धाकट्याने जेवणाचा डबा उचलला आणि तो निघून गेला. पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचं दुकान टाकलं.

"मी काही खोटं बोललो नाही," मिस्त्री म्हणाला. अकरा वर्षं तो हे स्वतःलाच ऐकवत आला होता.

"नसाल बोललात. पण मिस्त्री," बाई सहज म्हणाल्या, "हे मोटार जळाल्याचं कारण झालं. भाऊ बोलत नाही, त्याचं कुठाय?"

मिस्त्री पुन्हा फळ्याकडे वळला. मग आपलं वाक्य त्याने तळहाताने पुसलं आणि लिहिलं: कारण मी ते गिऱ्हाइकासमोर बोललो. बाईंनी त्यातली एक चूक दुरुस्त केली आणि पुढच्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, दोन बस बदलून, तो धाकट्याच्या दुकानी गेला. धाकटा स्टुलावर बसून तार गुंडाळत होता आणि तोंडाने वेढे मोजत होता. केस पार पिकले होते. त्याने एकदा वर पाहिलं आणि तो मोजत राहिला. मिस्त्री दाराजवळच्या बाकावर टेकला. दुकानात दोघंच होते. बोलायला याहून बरी वेळ कुठली, असं कोणीही म्हटलं असतं. पण चारचौघांत बोललेलं एकांतात कसं मागे घेणार? तो गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला.

तासाभराने एक बाई पाण्याचा पंप घेऊन आल्या. मिस्त्री उठून उभा राहिला.

"ताई, मी याचा थोरला भाऊ. एका गिऱ्हाइकासमोर मी याचा पाणउतारा केला होता. तसं करायला नको होतं. ते गिऱ्हाईक आता कुठे सापडणार, म्हणून तुम्हाला सांगतोय."

बाई पंप तसाच धरून उभ्या. "मी मागाहून येऊ का?"

धाकट्याचा हात थांबला होता. वेढा एकशे बारावा होता की तेरावा, त्याचं त्यालाच आठवेना. "ठेवा तिथे. परवा या," तो बाईंना म्हणाला. त्या गेल्यावर त्याने गुंडाळलेली सगळी तार उलगडली आणि पुन्हा सुरुवात केली. "एक, दोन, तीन..."

मिस्त्री परत बाकावर बसला. जा, असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं.