वर केलेला हात

पाय प्लास्टरमध्ये गेल्यापासून तिचं जग तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीएवढं उरलं होतं. दुपारी शाळेची बस समोरच्या कडेला थांबायची आणि तिची सात वर्षांची लेक, सगळ्यांची खारूताई, बसच्या पुढून रस्ता ओलांडून फाटकात यायची. मुलांना हात धरून उतरवणारी मावशी काम सोडून गेली होती. "नवीन बाई बघतोय," असं शाळा सांगायची. ते बघणं काही संपत नव्हतं.

मग तिनं आणि ड्रायव्हरकाकांनी आपापसातच तोड काढली.

"ताई, माझ्या काचेखाली नुसती आंधळी कोशिंबीर," काका म्हणाले होते. "लहान मूल बसला खेटून उभं असलं, तर मला त्याची शेंडीसुद्धा दिसत नाही. आणि तुमच्या लेकीच्या पायाला तर भिंगरी!"

"मला वरून सगळं दिसतं, काका. ती फाटकात शिरली की मी हात वर करीन."

"बास. हात दिसला की निघालो. नाही दिसला, तर पोरांनी बस डोक्यावर घेतली तरी चाक हलणार नाही."

महिनाभर हे बिनबोभाट चाललं.

आज खारूताई उतरली, बसच्या पुढे आली आणि दप्तराच्या कप्प्यातून तिची पाण्याची बाटली निसटली. गडगडत बंपरखाली गेली. लेक उकिडवी बसली, मग चक्क गुडघे टेकून आत हात घालू लागली.

"ऊठ! अगं, ऊठ तिथून!" आई ओरडली. पलीकडे रस्ता खोदत होते. यंत्राच्या धडधडीत तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. फोन करून उपयोग नव्हता. बसवर असताना ड्रायव्हरनं फोन बंद ठेवायचा, हा नियम पालकसभेत तिनंच भांडून करून घेतला होता.

तिनं खिडकीबाहेर वाकून जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवले.

काकांनी मान तिरकी करून वर पाहिलं, रोजच्यासारखा अंगठा उंचावला. आणि बस हलली.

तेव्हा तिला कळलं. सगळं ठीक आहे, याची खूण त्यांनी ठरवली होती. थांबा म्हणायची ठरवलीच नव्हती. ती जितके हात हलवील, तितकं काका 'जा, जा' असंच समजणार. दिसेनासं होणं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

तिनं हात आत ओढले आणि खिडकीखाली अंग टाकलं. प्लास्टरचा पाय पलंगावर आपटला. कळ मस्तकात गेली. डोळ्यांपुढे रंगाचे पोपडे आलेली भिंत. पलीकडे काय होतंय ते दिसत नव्हतं, आणि उठून बघणं म्हणजे पुन्हा काकांना दिसणं. तिनं तोंडावर हात दाबला. त्या धडधडीत बस चालतेय की थांबलीय, काही उमगेना.

रस्ता खोदणारं यंत्र थांबलं.

"अगं बये! इथं काय करतेस तू?" काकांचा आवाज चिरकला होता.

"बाटली काढत होते. तुम्ही चेपलीत ना ती!" लेक फुरंगटून म्हणाली. "आता आई मलाच ओरडणार."

फाटकाची कडी वाजली. मग खालून हाक आली, "ताई! शिरली हो आत! निघू का? हात दाखवा!"

चौकट धरून ती कशीबशी उभी राहिली. लेक फाटकाच्या आत होती. रस्ता मोकळा होता. बसमधली मुलं काचांना नाकं लावून कंटाळली होती. काका वर बघत थांबले होते.

तिचा हात काही केल्या वर होईना.