काजळ्याचं गाव

मी एका कॉमिकच्या पहिल्या पानाचा कागद बोलतोय. वाचकाला ओळख करून द्यायची आणि त्याने मला उलटून पुढे जायचं, एवढंच माझं काम. मला मागे सोडून जाण्यातच माझा मान.

परदेशात चित्रकला शिकून मृणाल सुरतला परतली आणि तिथल्या लिंबायत या खानदेशी वस्तीच्या वाचनालयासाठी तिने तीन वीरांची टोळी काढली. प्रत्येकाला माझ्यावर एक चौकट: जाड अक्षरात नाव, एका ओळीत शक्ती, एका ओळीत कमजोरी. ताराला धागा तुटायच्या आधीच ऐकू येतं, पण झोप आवरत नाही. भाईदासची हाक पार शहराबाहेर कामरेजपर्यंत पोचते, त्यामुळे गुपित राहत नाही. तिसरा दगा, तो मुठीने पूर अडवतो. तो कायम मूठ उगारून उभा. त्याचा खांदा दुखतो, पण कोणी विचारत नाही. तळाशी खलनायक काजळ्या, नुसते डोळे. सगळ्यात जास्त शाई त्यानेच खाल्ली.

मृणालने वाचनालयात नमुन्याची एकच प्रत ठेवली. "लोक पहिल्या पानावरच अडकले, तर हे पान काढून टाकीन. थेट मारामारीपासून सुरू," ती म्हणाली. माझ्यादेखत.

लोक अडकले. पहिल्या पुष्पाबाई. घरी साड्यांना टिकल्या लावतात, एक सुटली तरी त्यांना दिसते. त्यांनी दगावर बोट ठेवलं.

"हाऊ कोनता गावना?"

"त्यांना गाव नाही, मावशी. वीर सगळ्यांचे असतात," मृणाल कळकळीने म्हणाली.

"सगळासना म्हनजे कोनाच नई." त्यांनी मला न उलटताच मिटलं.

पुढचे सगळे तसेच. खानदेशातून इथे आलेला माणूस आधी गाव विचारतो, नाव मागाहून. तीन आठवड्यांनी मृणालने माझा कोपरा धरला. दोन बोटं फाटलोही.

"थांब ताई," कापडाच्या लूमवर काम करणारा सुकलाल म्हणाला. "फाडतेस कशाला? गाव लिख ना."

तिने नाइलाजाने पेन्सिल घेतली. ताराला पारोळा मिळालं, भाईदासला साक्री, दगासाठी दोन गावं भांडली आणि शिरपूर जिंकलं. उरला काजळ्या. त्याला कोणी घेईना. प्रत्येकाच्या गावात एकाएकी फक्त सज्जन राहू लागले.

सुकलालने कान खाजवला. "मन्हा गावना लिख. नांदखेडं. पण तो पहिल्यापासून वाईट नव्हता, तेवढं दाखव."

मृणालने नांदखेडं लिहिलं. तो वाईट कसा झाला, याचा तिने विचारच केला नव्हता.

पुढच्या सुट्टीला नांदखेड्याची अकरा माणसं आली, आपला माणूस आत काय करतो ते बघायला. मला इतक्या घाईने उलटलं की पाठ टेबलावर आपटली. शेवटचं पान बघून कोणीतरी तक्रार केली, "आमना मानूस इतला वाईट नई." मृणाल आता शेवट नव्याने काढतेय.

माझ्या फाटक्या कोपऱ्याला चिकटपट्टी आहे. तुम्ही आलात तर गाव सांगा, दगाच्या खांद्याची विचारपूस करा आणि मला खुशाल उलटा. काजळ्याच्या शेजारी अजून एकाची जागा रिकामी आहे. तुमच्या गावचं कोणी असेल तर बघा.