चार विसा

फेलिपे बसच्या मधल्या वाटेने मागे जात एकेका डोक्याकडे पेन रोखून मोजत होता. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेल्या सगुणाबाईंचा अंगठाही बोटांच्या पेरांवरून सरकत होता. गाईडचं मोजून व्हायच्या आधी त्यांचं मोजून झालं.

“आई, तो मोजतोय ना,” पुढच्या सीटवरून वळून त्र्यंबक म्हणाला. “तू कशाला डोक्याला ताण देतेस?”

सगुणाबाईंनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

“फॉर्टी,” फेलिपेने ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, आणि बस चिचेन इट्झाच्या फाटकातून बाहेर पडून समुद्राच्या रस्त्याला लागली.

आठवण शाबूत आहे तोवर आईला चार ठिकाणं दाखवून आणावीत म्हणून त्र्यंबकने मेक्सिकोतली ही माया संस्कृतीची बसट्रिप बुक केली होती. आठवण गेल्यावर ती ठिकाणं आईने कुठे ठेवायची, हा प्रश्न अमेरिकेतल्या ट्रॉयच्या घरात कुणाला पडला नव्हता. सुलेखाला रजा मिळाली नाही, म्हणून सूनबाईंच्या जागी नात आली. सिया एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिला मराठी कळायचं ते जेवणाच्या टेबलापुरतं.

गेल्या महिन्यात आजीला मेमरी टेस्टला घेऊन गेली होती तीच. आईबाबा दोघं ऑफिसात, हिला सुट्टी. मराठीचा दुभाष्या मिळाला नाही म्हणून फोनवर हिंदीचा दिला होता. सांगितलेल्या तीन शब्दांतले दोन आजीने बरोबर सांगितले, घड्याळही काढून दाखवलं. मग डॉक्टरांनी शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं आणि तिथे सगळं बिघडलं. आजी व्हिसाबद्दल बोलायला लागली. चार व्हिसा, पुन्हा चार व्हिसा, मग तीन. दुभाष्या गोंधळला तेव्हा सियानेच समजूत घातली होती, की आजीचं ग्रीन कार्ड यायला तीन वर्षं लागली, तिच्या डोक्यात अजून तेच असेल. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. पुढच्या तपासण्या होईपर्यंत एकटं ठेवू नये, असंही लिहिलं.

त्यानंतर शेगडीची बटणं निघून कपाटात गेली, मागच्या दाराला घंटी लागली आणि सगुणाबाईंचं तळ्यापर्यंतचं एकटीचं फिरणं थांबलं. येत्या सोमवारपासून त्यांना दिवसभर एका सेंटरमध्ये ठेवायचं ठरत होतं. तिथली दारं फक्त बाहेरून उघडायची. फॉर्म त्र्यंबकच्या फोनमध्ये होता, सही तेवढी राहिली होती. सगुणाबाई कशालाच नाही म्हणाल्या नाहीत. भाजीत मीठ घातलं का, हे मात्र त्या आता दोनदोनदा विचारायच्या, आणि सियाला ते ऐकवायचं नाही.

फेलिपेने पुढे एक पांढरा बोर्ड लटकवला. एका टिंबाचा एक, आडव्या रेघेचा पाच, शिंपल्याचं शून्य. ही इथल्या जुन्या लोकांची गणती, तो सांगू लागला. बाजारात बसणारी त्याची आजी अजूनही तशीच मोजते. का काल, ओश काल, कान काल, त्याने तिच्या भाषेत मोजून दाखवलं. लोक झोपेला आले होते. सगुणाबाई मात्र मान उंचावून बोर्डाकडे बघत होत्या.

“काय म्हणतोय गं तो?”

सियाने शब्द जुळवले. “त्याची ग्रँडमदर ना, वीस वीस करून काउंट करते. लाइक, फॉर्टी म्हणजे टू ट्वेंटीज. एटी म्हणजे फोर ट्वेंटीज.”

“मग बरोबरच आहे की,” सगुणाबाई म्हणाल्या. “दोन विसा, चार विसा. आम्ही गोवऱ्या अशाच मोजायचो. एक विसा झाला की एक खडा बाजूला टाकायचा.”

सिया हातातली पाण्याची बाटली उघडता उघडता थांबली.

“विसा म्हणजे... ट्वेंटी?”

“विसाचा विसा. अजून काय असायचं?”

“आजी,” सियाने आवाज खाली आणला, “हंड्रेड मायनस सेव्हन सांग ना. शंभरमधून सात.”

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. “ते नको विचारूस बाळा. त्यात नापास झालेय मी.”

“प्लीज. एकदाच.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मूठ उघडली. अंगठा पेरांवर गेला.

“चार विसा न् तेरा,” त्या म्हणाल्या. “चार विसा न् सहा. तीन विसा न् एकोणीस.”

सियाने फोनमध्ये कॅल्क्युलेटर उघडला होता. चार गुणिले वीस, अधिक तेरा. त्र्याण्णव. मग शहाऐंशी. मग एकोणऐंशी. तिचे डोळे भरून आले आणि आकडे दिसेनासे झाले, तरी ती बोटं चालवत राहिली.

“तीन विसा न् बारा. तीन विसा न् पाच. दोन विसा न् अठरा.”

पुढच्या सीटवर त्र्यंबक फॉर्मच्या शेवटच्या पानावर होता. त्याचा अंगठा सहीच्या चौकटीवर टेकायचा राहिला.

पाचवीत त्याला पुण्याच्या बोर्डिंगला ठेवलं होतं. आई जुन्नरहून एस्टीने डबा घेऊन आली आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाली, तीन विसा लाडू आहेत, पुरवून खा. मुलं महिनाभर त्याला तीन विसा म्हणून हाका मारत होती. पुढच्या खेपेला त्याने फाटकाबाहेरच आईला सांगितलं, असं गावठी मोजत जाऊ नकोस, लोक हसतात. त्यानंतर तिने त्याच्यासमोर कधी मोठ्याने मोजलं नाही. हे सगळं तो साफ विसरला होता. रिपोर्टमधले ते चार व्हिसा त्याने तीनदा वाचले होते आणि त्यालाही ते व्हिसाच वाटले होते.

“एक विसा न् तीन. सोळा. नऊ. दोन.” सगुणाबाई थांबल्या. “आता दोनातून सात कसे जायचे? इथंच संपलं.”

“बरोबर आहे, आजी,” सिया कशीबशी म्हणाली. “ऑल ऑफ इट. एव्हरी सिंगल वन. आय टोल्ड देम इट वॉज द व्हिसा. मी सांगितलं त्यांना. सॉरी, आजी.”

“रडतेस कशाला? बरोबर आलं ना?”

सियाने मान हलवली.   पुढच्या सीटवर त्र्यंबकने फोन बंद करून खिशात ठेवला.

तुलुमला सगुणाबाईंनी समुद्र पाहिला. कड्याच्या टोकावर जुनं देऊळ आणि खाली हिरवंनिळं पाणी. त्यांनी एकटीने पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवले. कुणीही हात धरायला धावलं नाही. त्र्यंबक दोन पायऱ्या उतरला होता, पण तिथेच थांबला.

बस निघायच्या वेळेला तो दाराशी खाली उभा राहून सुलेखाशी बोलत होता.

“सेंटरचा फॉर्म मी कॅन्सल करतोय... नाही, ऐकून घे. डॉक्टरकडे परत टेस्ट करायची, पण मराठी इंटरप्रिटर असल्याशिवाय नाही. आणि मी स्वतः जाणार आहे... अगं, आल्यावर सांगतो. माझंच चुकलंय. आणि ती शेगडीची बटणं आजच लावून टाक.”

वर फेलिपेने पेन काढलं होतं. त्र्यंबकने दारातून मान आत घातली.

“फेलिपे, वन मिनिट. लेट माय मदर काउंट.” मग मराठीत, साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “आई, आज तू मोज. मोठ्याने मोज.”

 सगुणाबाई उठल्या, पदर खोचला आणि पहिल्या रांगेपासून एकेका सीटच्या पाठीवर हात ठेवत मागे निघाल्या. टेक्सासचं म्हातारं जोडपं, टोपीवाल्या दोघी बहिणी, पेंगुळलेली मुलं, सगळे आपापला नंबर यायची वाट बघत ताठ बसले. एक विसा पुरा झाला तेव्हा त्यांनी तो जरा जोरातच सांगितला. फेलिपेने हसून आपल्या भाषेत साथ दिली, “हुन काल.” शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन त्या परत आल्या, स्वतःला मोजलं, सियाच्या डोक्यावर हात ठेवला आणि थांबल्या.

“दोन विसाला एक कमी.”

फेलिपेने सियाकडे पाहिलं. “थर्टी नाइन,” सियाने सांगितलं. त्याच्या कपाळावर आठी उमटली. त्र्यंबकही दारातून वाकून रांगा न्याहाळू लागला.

“कोण राहिलं गं आई?”

“तूच,” सगुणाबाई म्हणाल्या. “चढ वर.”