माहेनूरची वस्ती

पातूरची माहेनूर अमरावतीत समाजकार्य शिकत होती. क्षेत्रकार्यासाठी वर्गातल्या सगळ्यांना नांदगाव खंडेश्वरकडची गावं मिळाली, तिला मात्र दुसऱ्या वर्षीही शहरातली मुसलमान वस्तीच.

“सर, मले गावात काम कराचं आहे,” ती गावंडे सरांना म्हणाली.

“तिथं तुले घरात कोन घेईन? आपल्या लोकांत सोपं जाते.”

“पन सर, तुमीच तं समावेशन शिकवून राहिले.”

“ते पेपरात लिहिजो,” सर हसून म्हणाले.

तिनं लिहिलं आणि वर्गात पहिली आली. मग नोकरीसाठी ती अकोल्याच्या एका संस्थेत गेली. साहेबांनी अर्जावरचं नाव वाचलं. “बरं झालं, त्या लोकांच्या वस्तीसाठी मानूस पाहिजेच होता.”

माहेनूरनं विचारलं, “कधीपासून येऊ?”