एकाच पंपाची गाडी

टॅक्सीवाल्याने हायड्रोजनची गाडी घेतली तेव्हा पेट्रोलचे भाव असे भडकले होते की सकाळचा दर संध्याकाळी शिळा व्हायचा. स्टँडवरच्या दोस्तांनी त्याला वेड्यात काढलं. "अरे, हिला धूर नाही, नुसतं पाणी गळतं," असं तो ज्याला-त्याला सांगायचा. वर्ष उलटलं आणि सांगायची हौस फिटली. गाडीत खोट नव्हती, पण सगळ्या शहरात हायड्रोजनचा पंप एकच, आणि तो एक दिवस चालू तर दोन दिवस आजारी.

त्या दिवशी सकाळी सहापासून तो रांगेत पहिला उभा होता. दहाला ताईचं डायलिसिस होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण; आठवड्यातून तीनदा तिला न्यायचं-आणायचं काम त्याचंच.

आठला पंपावरची बाई हेल्मेट सावरत बाहेर आली, तशी मागच्यांनी तिच्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. मागच्या महिन्यात तोही असाच ओरडला होता. आज अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

"मॅडम, खरं काय ते सांगून टाका. बास."

तिने हेल्मेट काढलं. "टँकर आज येत नाही, काका. साठा संपत आलाय. तुमचा पहिला नंबर आहे, वीसेक किलोमीटरपुरता गॅस देते. तुमच्या मागे कुणालाच नाही."

घर गाठून हॉस्पिटलपर्यंत अठरा किलोमीटर होते. त्याने मान हलवली. गॅस भरून झाला, पण नळीचं तोंड गोठून गाडीला चिकटून बसलं. बर्फ सुटेपर्यंत दोघं तिथेच उभी राहिली. मागच्या गाड्या शिव्या घालत एकेक करून निघून गेल्या.

"जायचं होईल ना?" ताईने गाडीत बसताना विचारलं. "मग यायचं नंतर बघू."

एसी बंद ठेवून, काचा खाली करून, त्याने तिला वेळेवर पोचवलं. चार तास ती मशीनला जोडलेली होती आणि तो बाहेरच्या बाकावर मान टाकून झोपला. ती बाहेर आली ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. गाडी हॉस्पिटलच्या आवारात सोडून दोघं बसमध्ये चढली. कुणीतरी ताईला जागा दिली. तो दांडा धरून तिच्याजवळ उभा राहिला.

"विकूनच टाकतो," तो म्हणाला.

"कोण घेतंय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे लोकांना कळतं रे. तुलाच उशिरा कळलं."

त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून हसतानाही गाल दुखल्यासारखे वाटले. ताईने डोळे मिटून त्याच्या कमरेला डोकं टेकवलं आणि ती उतरेपर्यंत तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी पहाटे टँकर आला. टोचनवाल्याने हॉस्पिटलमधली गाडी आपल्या डिझेल ट्रकमागे बांधली आणि टॅक्सीवाल्याला आपल्या शेजारी बसवलं.

"डिझेल परवडत नाही हो आता," तो म्हणाला. "कशी आहे ही? घेऊ का अशी एखादी?"

टॅक्सीवाल्याने वळून मागे बांधलेल्या गाडीकडे पाहिलं.

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "पण एवढ्यात घेऊ नका."

पंपावर त्याचा नंबर सातवा लागला. त्याने ताईला फोन करून तयार राहायला सांगितलं आणि सीट मागे सारून डोळे मिटले.