शेवटच्या वर्षी या

लेक संसार आवरून निघाली होती आणि साहेब बिल्डरांच्या नावाने बोटं मोडत होते!

"लेकाचे जमिनी अडवून बसलेत! म्हणून घरं मिळत नाहीत," बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढत साहेब म्हणाले.

भूखंड कार्यालयात साहेबांचा भारी दरारा. सरकारी जमिनींचे भाडेपट्टे वाढवून द्यायचे की नाही, हे त्यांच्या हातात. बायको गेल्यापासून दोन खोल्यांच्या सरकारी घरात लेक, जावई आणि नात यांच्यासोबत राहायचे. अडचण व्हायची, पण घर भरलेलं असायचं. शहरात घर शोधून थकल्यावर लेकीने लांबच्या गावी बदली मागून घेतली.

लेक बँकेत कर्जं मंजूर करायची. ती म्हणाली, "बाबा, पाण्याच्या टाकीमागे भूखंड पडून आहे ना? तिथे इमारत बांधायला निघालेल्या बिल्डरचं कर्ज मीच नाकारलं. पट्ट्याची थोडीच वर्षं उरलीत. कर्ज फिटायच्या आत पट्टा संपला तर? तिथे घर घेणाऱ्यालाही कोण कर्ज देणार?"

"मग पट्टा वाढवून घ्यावा की त्याने!"

"आला होता तो तुमच्याकडे. काय सांगितलंत?"

साहेबांनी त्याला सांगितलं होतं, 'शेवटच्या वर्षी या.' सगळ्यांना ते हेच सांगायचे. नियमात होतं फक्त 'मुदत संपण्यापूर्वी'. पण आधीचे साहेब शेवटच्या वर्षापर्यंत अर्जाला हात लावत नसत, म्हणून हेही लावत नसत.

"अगं, घाईने दिलं आणि चौकशी लागली म्हणजे? सरकारी जमीन काय फुकट वाटायची?"

"फुकट कोण म्हणतंय? भाडं वाढवा, मुदतीत घरं बांधायची अट घाला. नाहीच द्यायचा पट्टा, तर तसं सांगा. पण वेळेवर सांगा ना! तुम्ही म्हणता थांबा, म्हणून मी म्हणते नाही. दोघांनी मिळून घालवलंय हो मला इथून!" तिला रडू फुटलं.

गाडी गेली. साहेब घरात आले, जेवायला बसले आणि सवयीने नातीवर ओरडले, "चिमणे, टीव्हीचा आवाज कमी कर!" टीव्ही बंदच होता. साहेबांनी ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून त्या बिल्डरला बोलावलं, अर्ज घेतला, तपासणी सुरू केली. दारावर पाटी लावली, 'मुदत संपण्यापूर्वी कधीही अर्ज करा.' मग लहान मुलाच्या उत्साहाने लेकीला फोन लावला.

"छान केलंत, बाबा!"

"मग येणार ना परत?"

"चिमणीचं नाव आजच इथल्या शाळेत घातलं, बाबा. इमारत उभी राहीपर्यंत तिचं सगळं इथेच रुजलेलं असेल."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि एकटेच खुर्चीत बसून राहिले.

मित्रहो, नियम बदलायला वेळ लागतो. पण नियमात नसलेली आडकाठी आपणच घातलेली असते, ती आजच काढता येते. टेबलापलीकडच्या माणसाला 'नंतर या' म्हणताना एवढं ध्यानात ठेवा, की त्या दोन शब्दांपायी कुणाची तरी लेक सामान बांधत असते.