खाली सरकवलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. दगड म्हटल्यावर तुम्ही लगेच या संग्रहालयातल्या पुढच्या काचेच्या पेटीकडे वळाल, ठाऊक आहे मला. पण जरा थांबा. एके काळी अख्खं गाव माझ्याकडे बघून आपल्या घराचा उंबरठा कुठे बसवायचा ते ठरवत होतं.

लोक राहायला जागा शोधत हिंडायचे, तेव्हाची ही गोष्ट. मागे कोरडं माळरान होतं, तिथे कितीही खणलं तरी पाणी लागेना. पुढे डोंगरातून उतरलेली मोठी नदी होती. ती दर वर्षी काठावर मऊ गाळ आणून टाकायची आणि त्यात मूठभर दाणे फेकले तरी पीक डोलायचं. वळणापाशी तिचं पात्र उथळ होतं, तिथून माणसं आणि बैल पायी पलीकडे जात. शेजारीच कडक मुरमाचा एक उंचवटा होता. पाणी, पीक, वाट आणि कोरडी जमीन एकाच जागी मिळाल्यावर आणखी काय हवं? तरी ते लोक उतावीळ नव्हते. घरं बांधण्याआधी त्यांनी पुराचा एक अख्खा हंगाम नदीकडे नुसतं बघण्यात घालवला. पाणी जिथवर चढलं, तिथे उंचवट्याच्या उतारावर त्यांनी मला रोवलं. नियम एकच होता. माझ्या खाली शेत करा, माती खणा, गुरं चारा. चूल मात्र माझ्या वरच्या बाजूलाच पेटवायची.

पुढे मोठ्या पुरातसुद्धा पाणी माझ्या पायाशी येऊन थांबायचं. लोक माझी पाठ थोपटत आणि कौतुकाने म्हणत, "दगडाने पाणी अडवलं!" आधी ती थट्टा होती. पिढ्या उलटल्या तशी लोकांना ती खरीच वाटू लागली आणि तिथेच सगळं बिनसलं.

वस्ती वाढली. उंचवट्यावर भिंतीला भिंत लागली. गल्ल्या इतक्या अरुंद झाल्या की समोरून बैल आला तर माणसाने कुणाच्या तरी दारात शिरायचं. सगळ्यात जास्त हाल कुंभारांचे होते. माती आणि पाणी खाली, चाकं आणि भट्ट्या वर. ओली माती वाहून त्यांच्या माना मोडून यायच्या. घरं खाली न्यावीत तर नियम मोडतो. मग त्यांनी अशी तोड काढली की मी थक्कच झालो: दगडच खाली न्यायचा! दोर बांधले, ओंडके घातले आणि मला मातीच्या खाणीपर्यंत घसरत आणलं. दोर ओढणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे एक हसतमुख कुंभार होता. माझ्या वरच्या बाजूला नवी गल्ली बसली. नियम शाबूत, सगळे खूश!

फक्त त्या कुंभाराची थोरली बहीण खाली आली नाही. ती उंचवट्यावरच सूत कातत राहिली, म्हणून सगळे तिला टेकडीआत्या म्हणून चिडवत.

"ताई, ये की खाली," भाऊ म्हणायचा. "दगड आहे ना आमच्यापाशी."

"दगड तुम्ही हलवलात. नदीला विचारलं होतं का कुणी?" ती म्हणायची आणि पुन्हा सूत कातू लागायची.

काही वर्षं नदी बेताचीच वाहिली. मग एक वर्ष असं आलं की डोंगरावरचा ढगांचा काळोख हटेचना. नदी लालसर झाली आणि मुळासकट उपटलेली झाडं वाहून आणू लागली. सकाळी पाणी शेतात शिरलं. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी माणसं दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. कुणी बोचकं बांधेना. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण दगडाला कुठला आवाज?

कुंभाराच्या भट्टीत मोठे रांजण भाजत होते. जाळ मध्येच सोडला असता तर हंगामभराची मेहनत तडकून गेली असती.

"अहो, पोरांना घेऊन वर जाऊया ना," त्याची बायको काकुळतीने म्हणाली.

"उगाच घाबरतेस. पाणी दगडापाशी थांबतं," तो म्हणाला आणि त्याने आणखी लाकडं सारली.

तेवढ्यात टेकडीआत्या उतार उतरून आली. एकदा हाक मारली, दोनदा मारली. भाऊ जागचा हलेना. मग ती माझ्यापाशी आली, मला ओलांडून नदीच्या बाजूला गेली आणि माझ्या अंगाला पाठ टेकून चक्क खाली बसली. पाणी तिच्या पावलांना लागलं होतं.

"वन्सं, उठा हो!" भावजय धावली.

"ताई, तमाशा करू नकोस," भाऊ ओरडला.

"कसला तमाशा? दगड पाणी अडवतो म्हणालास ना? मग मला कसली भीती? तू जा, भट्टी बघ."

तो तरातरा भट्टीकडे गेला. पुन्हा वळून बघितलं, तर पाणी तिच्या कमरेशी आलं होतं. तिची पाठ थरथरत होती, ते फक्त मला कळत होतं. पोरं "आत्या, आत्या" म्हणून रडू लागली. मग एक ओंडका येऊन माझ्यावर आदळला आणि मी मुळापासून हललो. पाणी तिच्या छातीला लागलं. तरी ती उठेना.

भावाच्या हातातली लाकडं गळून पडली. त्याने पाण्यात उडी घेतली आणि तिचे दोन्ही दंड धरले.

"ऊठ, ताई! नाही अडवत! दगड पाणी अडवत नाही!"

साऱ्या गल्लीने ते ऐकलं. दगड हलवायला जो सगळ्यांच्या पुढे होता, त्याच्याच तोंडून ऐकलं.

"हां," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मग आधी पोरांना उचल. मला भावजयीचा हात पुरे."

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. म्हातारी, तान्ही, गुरं, सगळी उतार चढून गेली. शेवटचं माणूस वर पोहोचलं आणि पाणी भट्टीत घुसलं. रांजण फुटल्याचा आवाज मी ऐकला. मग मी आडवा झालो आणि गाळाने मला झाकून टाकलं. तिथे मी किती काळ पडून होतो कोण जाणे. नदी वळण बदलून दूर गेली, तेव्हा ते लोकही तिच्यामागे गेले असावेत. अलीकडेच काही जणांनी मला हलक्या हाताने उकरून काढलं आणि या दालनात उभं केलं.

इथे येणारी मुलं विचारतात, असल्या नदीपाशी हे लोक राहिलेच कशाला? अरे, तिनेच तर त्यांना पोसलं होतं! नदीकाठी जरूर राहा, मित्रांनो. पण आधी तिला तिच्या पुराच्या दिवसांत नीट बघून घ्या आणि जुन्यांनी लावलेली खूण आपल्या सोयीसाठी सरकवू नका. आणि घरचं कुणी मोठं माणूस "वर या" म्हणून हाक मारत असेल, तर त्याच्यावर पाण्यात बसायची वेळ आणू नका.